कपाटातून, भाग एक्केचाळीस

हिवाळी कोट दोन्ही बाजूंना सारून
मी कपाटात बसते.
मांडीवर लॅपटॉप, गुडघ्यांमध्ये माइक.
लोकर आवाज पिते, हे मला फुकटात कळलं :
स्वावोमिर सोडून गेला तेव्हा ओव्हरकोट विसरला,
किंवा विसरला नसेल, जुलै होता.

नमस्कार, मी यागोदा विल्चेक, वूच शहरातून.
इथल्या कापडगिरण्या केव्हाच बंद पडल्या, कोट उरले.
बारा नंबरची ट्राम गेली की वाक्य पुन्हा घ्यायचं.
ऐकणारे त्रेसष्ट.
त्यातली एक आई. ती फक्त सुरुवात ऐकते,
मला सर्दी झालीय का तेवढं बघायला.

नवीन मुलांनो, नमुना नव्वद सेकंदांचा पुरे.
रेकॉर्डिंगआधी हिरवं सफरचंद खा, दूध पिऊ नका,
आणि निदान त्या सकाळी
घरात कुणाशी भांडू नका, ते घशात दिसतं.

आजचे पाहुणे झेनोन पाबिश, वय एकोणऐंशी.
कपाटात दोघं मावत नाही, म्हणून ते आत, खुर्चीवर,
आणि मी बाहेर, दार धरून.
आमच्याकडे टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला
की एकच माणूस सगळ्यांचं बोलतो.
नायक, त्याची बायको, पोलीस, तापानं फणफणलेलं मूल,
सगळी एकाच सपाट गळ्यातून,
आणि मूळ आवाज खाली पुटपुटत राहतात
भिंतीपलीकडल्या बिऱ्हाडासारखे.
चौतीस वर्षं पाबिश असे बोलले.
त्यांचा चेहरा दूधवाल्यालाही माहीत नव्हता.

मी विचारलं, रडण्याच्या प्रसंगात काय करायचात?
म्हणाले, रडणं खाली चालूच असतं, बाई.
आपण अर्थ तेवढा सांगायचा
आणि अर्धा सेकंद मागे राहायचं.
पुढे गेलात तर ते दुःख तुमचं होतं.
त्याचे पैसे कुणी देत नाही.

मग त्यांनी चहा मागितला, दोन चमचे साखर,
आणि करिअर कसं घडवावं
हा माझा तेरावा प्रश्न तसाच राहिला.

माझं करिअर विचाराल तर
एक दह्याची जाहिरात,
खेळण्यातल्या बेडकाची दोन वाक्यं
(बॅटरी उतरली की तो पुरुषासारखा बोलतो),
आणि गॅस कंपनीचा फोन.

परवा बिल दुप्पट आलं. फोन लावला.
पलीकडे मी.
बिलाच्या तक्रारीसाठी दोन दाबा, मी म्हणाले.
मी दोन दाबलं.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
सहा वर्षांपूर्वीची ती, घसा कसा स्वच्छ!
निर्माता म्हणाला होता, हसत बोला, हसू ऐकू येतं.
मला मुद्दाम हसावं लागलं नव्हतं.
खाली गाडीत कुणीतरी इंजिन चालू ठेवून बसलं होतं.

कृपया प्रतीक्षा करा, ती म्हणाली.
वीस मिनिटं, दर चाळीस सेकंदांनी.
आठव्या की नवव्या वेळी
मी तिच्या अर्धा सेकंद मागून बोलू लागले,
सपाट, चढउतार न करता :
ही बाई म्हणते, थांबा.
ही बाई म्हणते, तुम्ही महत्त्वाचे आहात.
हिला घाई आहे, खाली गाडी उभी आहे.
ही बाई म्हणते, लवकरच कुणीतरी येईल.

आणि आलंच कुणीतरी. खरा मुलगा, कोवळा, बहुतेक नवा,
शब्दाशब्दाला अडखळणारा.
हॅलो, म्हणाला, कोण बोलतंय?

मी ग्राहक क्रमांक सांगितला.
दोन आकडे चुकले, पुन्हा सांगितले.
आवाज बसला होता.

रेकॉर्डिंग चालू होतं, लाल दिवा मी नंतर पाहिला.
कापणार होते. मग ठेवलं.
इथपर्यंत आई ऐकत नाही.